गायखेकाकांची भवानी

आज मी इथं आखातात, लुसैलला ज्या ऑफिसात खुर्चीवर बसतो, ती खुर्ची मला मधुकर गायखेकाकांमुळे मिळाली. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार याच माणसाचे. आणि याच माणसाकडे ससाण्याच्या डोळ्यांवर घालायची चामडी टोपी आहे. ससाणा नाही. कधी नव्हता.

काका मूळचे सिन्नरजवळचे. इथं एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. मुऐदरला एका व्हिलाच्या शेजारशेजारच्या खोल्यांत आम्ही राहायचो. समोरचा रस्ता तेव्हा नुकताच वसत होता. आज बकाला, म्हणजे किराण्याचं छोटं दुकान, उद्या टेलर, परवा कारचं सीट कव्हर शिवणारा. नवं शटर दिसलं की काकांना चैन पडत नसे. उद्‌घाटनाच्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून शटरसमोर हजर. पहिलं गिऱ्हाईक आपण व्हायचं, म्हणजे त्या दुकानाची भवानी आपल्या हातून व्हायची, हा त्यांचा नेम.

"हातगुण आहे बाबा आपला," ते म्हणायचे.

वस्तू कुठली, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ससाण्याचं सामान विकणारा आला, म्हणून ती टोपी. ती आमच्या पाण्याच्या बाटलीच्या बुचावर बसायची. बायकांच्या अबायाच्या दुकानात आत जायला लाजले, तर दारातूनच पिनांचं पाकीट मागितलं. पेशावरी न्हाव्यानं नवी खुर्ची मांडली, तेव्हा काकांच्या डोक्याकडे बघून तो बिचारा विचारात पडला.

"चाचा, क्या काटूँ?"

"जो है सो काटो. यल्ला, चलो."

एकदा काच चकाचक दिसली म्हणून आत शिरले आणि म्हणाले, "कुछ भी दे दो." तो दातांचा दवाखाना होता. काकांनी माघार घेतली नाही. चांगली शाबूत दाढ घासून घेऊन आले आणि गालावर हात ठेवून म्हणाले, "खलास. झाली डॉक्टरची भवानी."

मी जिंतूरचा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. इंटिरिअर डिझाइनच्या डिग्रीचं प्लास्टिकचं फोल्डर घेऊन वेस्ट बेमधली ऑफिसं पालथी घालत होतो. प्रश्न कळायचा, उत्तरही यायचं, पण इंग्रजी घशातच अडकायचं. शिवाय सगळे विचारायचे, आधी कोणासाठी काम केलंय? व्हिसा संपत आला होता.

एका संध्याकाळी काका म्हणाले, "संतोष, तुझी भवानीच झालेली नाही रे. मला एका दुकानाचं ड्रॉइंग काढून दे."

"कुठलं दुकान, काका?"

"किराण्याचं. रस्त्याकडेचं. पण एक लक्षात ठेव. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला येणारं गिऱ्हाईक लांबून दिसलं पाहिजे."

माझं मन रमावं म्हणून सांगताहेत, असं मला वाटलं. तरी मी मन लावून काढलं. फळ्या, दिवे, गल्ला तिरका. काकांनी ते उलटसुलट पाहिलं आणि माझ्या हातात एक नोट कोंबली. मी नको म्हणालो, तर रागावले. "भवानीला उधार चालत नाही."

पुढच्या मुलाखतीत तोच प्रश्न आला, तेव्हा मी ते ड्रॉइंग टेबलावर पसरलं. कोपऱ्यात लिहिलं होतं, क्लायंट: श्री. मधुकर गायखे. गल्ला तिरका का, हे सांगताना इंग्रजी आपोआप बाहेर पडलं. नोकरी मिळाली.

यंदा काका निवृत्त होऊन गावी गेले. जाताना सामानात टोपी होती आणि माझं ड्रॉइंगही. त्यांनी ते दुकान खरंच बांधलं. पण उघडेनात. फोन केला की कधी म्हणायचे शटरचा रंग वाळला नाही, कधी वजनकाटा यायचाय, आणि लगेच विचारायचे, "आपल्या रस्त्यावर नवं काय उघडलं?"

शेवटी मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घाबरलेत रे ते. लग्न झालं त्या वर्षी इथंच दुकान टाकलं होतं. रस्ता नवा, वस्ती नव्हती. पहिल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत एक माणूस फिरकला नाही. मग स्वतःच एक साबण घेतला, आपल्याच गल्ल्यात पैसे टाकले आणि शटर ओढलं. तो साबण घेऊन घरी आले नि म्हणाले, भवानी झाली."

ते दुकान चाललं नाही. त्यानंतरच काका इकडे आले.

फोनवर ते विषय बदलतात. म्हणून मी कागदावर लिहिलं आणि फोटो काढून काकूंच्या फोनवर पाठवला. त्यांना वाचून दाखवा म्हणालो.

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.
माझी रजा मंजूर झाली आहे. बुधवारी रात्री मुंबईला उतरतो, गुरुवारी सकाळी तुमच्या दारात असेन. शटर त्याच दिवशी वर करा. मला अंगाचा साबण हवा आहे. घरून अंघोळ न करता येतो आहे. मी पोहोचेपर्यंत कोणालाही काही विकू नका, स्वतःलासुद्धा नाही. माझा हातगुण कसा आहे, ते मला माहीत नाही. तुम्ही फक्त इस्त्रीचा शर्ट घालून गल्ल्यावर बसा आणि रस्त्याकडे बघा. गल्ला ड्रॉइंगप्रमाणे लावला असेल, तर मी लांबूनच दिसेन.
आपला,
संतोष