मागच्या रांगेतला पाळणा

गुंडीला मांडीवर घेऊन काम करायचं म्हणजे एका हातात माउस आणि दुसऱ्या हातात गुंडीची मूठ. पाळणाघराच्या नव्या खोलीचं चित्र संगणकावर होत आलं होतं. ते पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना पसंत पडलं की गुंडीला तिथे जागा मिळणार होती, आणि गुंडीच्या आईला स्वतःचे दोन्ही हात. तेवढ्यात आईला शिंक आली, मूठ सुटली आणि गुंडीने कीबोर्डवर थाप मारली. पडद्यावर काहीतरी हललं. एरवी दाराची कडी पुन्हापुन्हा तपासणारी ती, पण गुंडीने भोकाड पसरलं आणि चित्र न बघताच साहेबांकडे गेलं.

साहेबांचा लगेच फोन आला. "अहो, लांबचे पाळणे जवळच्याएवढेच कसे? मागे उभी असलेली मावशी तर पोरांना गिळायला निघाल्यासारखी दिसतेय."

"बघते, सर."

"बघत बसू नका. लहान करा आणि थेट बाईंना पाठवा."

तिने लहान केलं. मागचे पाळणे एकेक करून आखडले, मावशीलाही चांगलं आटवलं. चित्र आता डोळ्यांना पटेल असं दिसायला लागलं. त्याच चित्रावरून सुतार मापं घेतो, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुपारी पाळणाघराच्या बाईंचा फोन. "सुतार विचारतोय, शेवटच्या पाळण्यात बाहुली झोपवायचीय का?"

तिने घाईघाईने चित्र उघडलं. गेली गुंडीची जागा. नवरा मागून डोकावला.

"अगं, तुझं ते लांब-जवळचं बटण बंद तर नाही ना?"

ते बटण बंद असलं की खोलीच्या टोकाची वस्तूही नाकासमोरच्या वस्तूएवढीच मोठी दिसते.

"मी कशाला बंद करू?"

दोघांनी गुंडीकडे पाहिलं. गुंडी अंगठा चोखत होती.

मग सुताराच्या मापांसाठी पहिलं चित्र आणि बाईंसाठी बटण चालू करून काढलेलं नवं, अशी दोन्ही चित्रं तिने पाठवली. सोबत भलीमोठी माफी.

"माफी कसली मागतेस?" बाई फोनवर म्हणाल्या. "ते पहिलंच दारावर लावणार आहे मी. येईल त्या आईचं एकच रडगाणं, माझं बाळ मागे का टाकलं. आता चित्राकडे बोट दाखवायचं. पुढचं नाही, मागचं नाही, सगळी सारखी."

"अगदी बरोबर," तिचा जीव भांड्यात पडला. "या आया ना, उगाच जिवाला घोर लावून घेतात."

"तेच तर. बरं, तुझ्या गुंडीची जागा पक्की. मागच्या रांगेत."

तिने गुंडीला छातीशी ओढलं.

"मागच्या म्हणजे," तिने घसा साफ केला, "अगदी मागच्याच का हो?"