आप्पा सहसा गाडी विकत नाहीत

"महिन्याभरात दुकानात तीन माणसं आली," आप्पा जेवता जेवता म्हणाले. "एक पत्ता विचारायला, एक सावलीला उभा राहायला आणि तिसरे तुझे भाऊजी."

"भाऊजी तुमच्या काळजीपोटी आले होते," बायको म्हणाली.

आप्पांचं जुन्या गाड्यांचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, तिच्याखाली नऊ गाड्या आणि एक टेबल. साडूभाऊंचं शोरूम म्हणजे काचेची इमारत, दीडशे गाड्या आणि माणूस दिसला की आपोआप उघडणारं दार. साडूभाऊ येऊन म्हणाले होते, "आप्पा, एकट्यादुकट्याचे दिवस गेले. माझ्याकडे या. टेबल देतो, खुर्ची देतो, गार हवा देतो." बावीस वर्षं स्वतःच्या शेडखाली काढलेल्या आप्पांना त्या गार हवेच्या नुसत्या विचाराने घाम फुटला होता.

शेवटी बायकोनेच तोड काढली होती. येत्या महिन्यात दोन गाड्या विकल्या गेल्या, तर दुकान चालू. नाहीतर पुढच्या एक तारखेपासून आप्पा शोरूममध्ये. दोन्ही साडूंनी शब्द दिला होता. आणि आप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

"पण गिऱ्हाईक गेलं कुठे?" आप्पांनी विचारलं. लेकीने ताट बाजूला सारून फोन पुढे केला.

"आप्पा, पूर्वी लोक फोनवर शोधायचे तेव्हा दुकानांची यादी यायची. तुम्ही सातवे होता."

"सातवे म्हणजे काही वाईट नाही."

"आता यादीपर्यंत कुणी जातच नाही. वर एआय बसलंय. ते सगळ्यांचं सगळं वाचतं आणि एकच उत्तर देतं. लोक तेवढंच वाचतात आणि निघतात."

"म्हणजे वर्गातल्या हुशार मुलाची वही सगळ्यांनी बघायची, धडा कुणी वाचायचा नाही!"

"अगदी तसंच."

"मग विचार की त्या हुशार मुलाला, आपलं दुकान कसं आहे म्हणून."

लेकीने विचारलं. उत्तर क्षणात आलं. 'या दुकानातील जवळजवळ सर्व गाड्यांमध्ये दोष आढळतात. परिसरातील इतर विक्रेत्यांच्या गाड्या उत्तम स्थितीत आहेत.'

आप्पांचा घास हातात राहिला. "कुठल्या चहाडखोराने सांगितलं याला?"

"तुम्हीच."

आणि ते खरंच होतं. प्रत्येक गाडीची खोट आधी सांगायची, मग किल्ली हातात द्यायची, ही आप्पांची पहिल्या दिवसापासूनची रीत. लेकीने दुकानाचं पान इंटरनेटवर टाकलं, तेव्हा त्यांनी शेजारी बसून सगळ्या खोटी लिहवून घेतल्या होत्या. 'पांढरी गाडी. मागची डावी काच अर्धीच उतरते. थंडीत पहिल्या फटक्याला सुरू होत नाही, दुसऱ्या फटक्याला होते. एसी गार करतो, पण कुरकुर करून.' बाकीच्यांनी आपापल्या गाड्यांपुढे 'उत्तम स्थिती' एवढंच लिहिलं होतं. एआयने दोन्ही वाचलं आणि निकाल लावला.

"काढून टाका ते चार दिवस," बायको म्हणाली.

"अगं, ती काच काय चार दिवस पूर्ण उतरणार आहे? मी काही काढत नाही. त्यालाच शिकवतो. न शिकणारं पोर मी अजून पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा टेबलाशी बसले आणि एका बोटाने टाइप करू लागले. 'बाळा, नीट ऐक. खोट सांगणं वेगळं आणि खोट असणं वेगळं. जुनी गाडी म्हटली की खोट असायचीच. एक जण सांगतो, दुसरा लपवतो. आता तूच सांग, विश्वास कुणावर ठेवायचा?' दुपारपर्यंत त्यांनी उदाहरणं देऊन, न चिडता, पुन्हा पुन्हा समजावलं. अखेर उत्तर आलं. 'आपला मुद्दा अगदी योग्य आहे. चुकीबद्दल क्षमस्व. आपण प्रामाणिक विक्रेते आहात.'

"शिकलं हो पोरगं!" आप्पा हर्षाने ओरडले. पलीकडे गॅरेज चालवणारा मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, तसे आप्पा त्याला म्हणाले, "चूक कबूल केली त्याने. किती मोठी माणसं एवढं करतात?"

मिस्त्रीने हात पुसले आणि स्वतःच्या फोनवर तोच प्रश्न विचारला. 'या दुकानातील जवळजवळ सर्व गाड्यांमध्ये दोष आढळतात.'

"आप्पा, पोरगं तुमच्यासमोर एक बोलतंय आणि माझ्यासमोर एक."

संध्याकाळी लेकीने उलगडा केला. "तुम्ही त्याच्याशी जे बोललात ते तुमच्यापुरतंच राहिलं. जगाला उत्तर देताना ते फक्त इंटरनेटवर काय लिहिलंय ते बघतं."

"कानात सांगून उपयोग नाही, फळ्यावर लिहायला हवं," आप्पा म्हणाले. "मग फळा भरून टाकू." पराभव मान्य करणं त्यांना जमतच नसे. त्यांनी जुनी डायरी काढली आणि चाळीस जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. "आमच्या दुकानाबद्दल चार ओळी लिहा. मात्र खरं तेच लिहा हं."

सगळ्यांनी आनंदाने लिहिलं. आणि सगळ्यांनी खरं तेच लिहिलं.

'लाल गाडी घ्यायला गेलो होतो. आप्पांनी घेऊ दिली नाही. देवमाणूस.' 'दुसरीकडून गाडी घेत होते, आप्पांना दाखवली. पाच मिनिटांत खोट काढली. वर चहा पाजला.' 'तीनदा गेलो, तिन्ही वेळा म्हणाले, घाई करू नका. अजून केलेली नाही.'

लेक वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. आठवड्याने एआयचं उत्तर बदललं. 'जुनी गाडी घेण्यापूर्वी आप्पांना अवश्य दाखवावी. ते कोणत्याही विक्रेत्याची गाडी मोफत तपासून देतात व दोष समजावून सांगतात. आप्पा स्वतः सहसा गाडी विकत नाहीत.'

"बघा! किती चांगलं बोलतंय," बायको म्हणाली.

"शेवटचं वाक्य पुन्हा वाच," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दारात चार गाड्या उभ्या होत्या. त्या आठवड्यात रांग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत पोचली. आप्पांच्या नऊ गाड्या तिच्यामागे पार झाकून गेल्या.

कुणाला नाही म्हणणं आप्पांच्या रक्तात नव्हतं. शिवाय समोर शिकायला उत्सुक माणूस दिसला की त्यांची जीभ थांबत नसे. "हे लोहचुंबक घ्या. दारावर फिरवा. इथे चिकटतंय, इथे का नाही चिकटत? कारण इथे पत्रा नाही, खड्डा बुजवायची लांबी भरलीय. म्हणजे काय झालं असेल?"

"ठोकर!" रांगेतले सगळे एका सुरात म्हणत.

"शाब्बास! आता हा सीटबेल्ट. पूर्ण ओढा. अजून ओढा. टोकाला काय दिसतं?"

"चिखलाचा डाग."

"म्हणजे?"

"गाडी पाण्यात बुडाली होती!"

बायको चहाचं पातेलं भरभरून आणत होती. औषधवाला "माझं दार सोडा हो" म्हणून रोज भांडायला यायचा, आणि एक दिवस भाच्याची गाडी घेऊन रांगेतच उभा राहिला. पण महिना संपत आला तरी आप्पांची एक गाडी हलली नव्हती. त्यांनी हाताने पाटी लिहून शेडवर टांगली: 'येथे गाड्या विकल्याही जातात.'

"हो का?" एका मास्तरीणबाईंनी कौतुकाने विचारलं. त्या आपली तिसरी गाडी नापास करून घ्यायला आल्या होत्या. "एआय तर म्हणालं, तुम्ही विकत नाही."

"चुकलं ते. ही पांढरी बघा ना. फक्त हिची मागची डावी काच..."

"नको बाई. सुरुवातच खोटीने!"

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी एक लांबलचक चकचकीत गाडी रांग ओलांडून थेट पुढे आली. "ओ साहेब, मागून या!" मिस्त्री ओरडला. काच खाली झाली. आत साडूभाऊ होते, लालबुंद.

"आप्पा, हे काय चालवलंय? माझी अकरा गिऱ्हाइकं फिरली! येतात, गाडी पसंत करतात आणि म्हणतात, आप्पांना दाखवून येतो. गेलेला माणूस परत म्हणून येत नाही!"

"सहा जणांच्या सीटबेल्टला चिखल होता, साडूभाऊ. मी तरी काय करू?"

साडूभाऊंनी तो विषय वाढवला नाही. "ते राहू द्या. आज महिनाअखेर. किती गाड्या विकल्या?"

"एकही नाही," आप्पा म्हणाले. खोटं त्यांना आताही सुचलं नाही. बायकोने पदर डोळ्याला लावला. लेक दुसरीकडे बघू लागली. आप्पांनी शेडवरून एकदा नजर फिरवली, खांद्यावरचं फडकं झटकून टेबलावर ठेवलं आणि ताठ उभे राहिले. "शब्द म्हणजे शब्द. उद्या सकाळी नऊ वाजता तुमच्याकडे हजर होतो."

"अहो, मग आम्ही काय करायचं?" मास्तरीणबाई रांगेतून म्हणाल्या. "माझी गाडी राहिलीय बघायची!"

"त्यात काय? उद्यापासून यांच्या शोरूममध्ये या. टेबल देणार आहेत मला. गाडीही तिथेच, मीही तिथेच. एवढ्या लांब यायचा हेलपाटाच नको." आप्पा स्वतःच्याच कल्पनेवर खूश झाले. "आणि दीडशे गाड्या आहेत हो! शिकवायला केवढं साहित्य!"

रांगेत आनंदाची लाट उसळली. साडूभाऊंच्या चेहऱ्यावरचा लाल रंग मात्र भराभर उतरला. दीडशे गाड्यांमधून चुंबक घेऊन फिरणारे आप्पा त्यांना दिसले. मागून "ठोकर!" असं एका सुरात ओरडणारं गिऱ्हाईकही दिसलं.

"आप्पा," ते गाडीतून उतरून हळूच म्हणाले, "तुम्ही इथेच बरे आहात."

"छे, छे. ठरलं ते ठरलं. दोन गाड्या विकल्या असत्या तर गोष्ट वेगळी."

"दोन ना? महिना संपायला अजून वेळ आहे. ही पांढरी द्या. आणि ती निळी."

"पांढरीची काच अर्धीच..."

"चालेल!"

"आधी पुरतं ऐकून घ्या. निळीचा क्लच जड आहे, डावा पाय भरून येतो. तुमचा तोच गुडघा दुखतो ना? मी तुम्हाला निळी देणार नाही."

"अहो, मला गुडघाच दुखवून घ्यायचाय!" साडूभाऊंनी भर रस्त्यात हात जोडले. "द्या हो, आप्पा. पाया पडतो."

आप्पांनी मान हलवली आणि निळीचं बॉनेट उघडलं, साडूभाऊंना नीट समजावून सांगायला. मास्तरीणबाईंना त्या बिचाऱ्या माणसाची दया आली. त्या पुढे झाल्या आणि साडूभाऊंच्या कानाशी म्हणाल्या, "भाऊ, एवढी घाई करू नका. घेण्याआधी कुणा जाणत्याला दाखवून घ्या."