हिरामणची चौकशी

"यंदा एक शेंग डुकरांच्या तोंडात जाणार नाय. सगळा वाल आपल्या पोपटीच्या मडक्यात शिजणार!" रोह्याजवळच्या त्या गावात हिरामणने चारचौघांत छाती ठोकून सांगितलं.

"ते कसं?" लोकांनी विचारलं.

"ते बघालच!"

सांगणार कसं? पठ्ठ्याने शेतीच्या राखणीसाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला होता आणि तो बायकोपासून लपवला होता. भात कापून झालं की हिरामण वाल पेरायचा. शेंगा भरल्या रे भरल्या की रानडुकरं कुटुंबकबिल्यासह जेवायला हजर! दोन वर्षं हिरामणच्या घरी डाळिंब्यांची उसळ झाली ती विकतच्या वालाची. बायको चंद्रावती बांधावर डबा बडवून बडवून थकली. बंदूक आली की हवेत एक बार काढायचा, डुकरं पार धरमतरच्या खाडीत! असा त्याचा बेत होता.

आता बंदूक म्हणजे काय भाजी नव्हे. माणूस कसा आहे, हे पोलीस आधी गावात विचारतात. एका सकाळी हिरामण बाजाराला गेलेला असताना साध्या कपड्यातले एक हवालदार मोटरसायकलवरून आले आणि नाथाच्या टपरीवर थांबले.

"हिरामण माणूस कसा आहे हो?"

नाथाचे डोळे चमकले. हिरामणचा पोरगा प्रणित धाटावला कंपनीत लागलेला, लग्नाचा. आणि मुलीकडचे लोक असेच न सांगता येऊन टपरीवर चौकशी करतात, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. स्थळ आलं! मित्राला हात द्यायलाच हवा!

"माणूस? वाघ हाय वाघ! बांध कोरला म्हणून शेजाऱ्यावर कुदळ उगारली होती!"

उगारली होती हे खरं. ती हिरामणच्याच पायावर पडली आणि शेजाऱ्यानेच त्याला दवाखान्यात नेलं, हे नाथाने गाळलं.

"असं? पितो का?"

न पिणारा माणूस कंजूष ठरायचा, या भीतीने नाथा पेटला. "हळदीला प्यायला बसला तर सगळ्यांना झोपवून उठतो!"

हवालदारांनी ते लिहून घेतलं आणि घर गाठलं. तोवर नाथाचा फोन चंद्रावतीला पोचला होता. चंद्रावतीचा आवाज कुंडलिका नदीच्या पल्याड ऐकू जातो. पण कडक सासू म्हटलं की स्थळ पळतं! तिने डोक्यावर पदर घेतला आणि नजर जमिनीला लावली.

"मावशी, मालक घरात कसे वागतात? भीती वाटते?"

"व्हय तर," ती पुटपुटली. "त्यांच्यापुढं माझा शब्द निघत नाय."

हवालदारांचा चेहरा गंभीर झाला. चहा घेऊन ते निघाले, तोच दारात हिरामण भेटला.

"साहेब! तुम्ही?"

"बंदूक विसरा," हवालदार म्हणाले आणि गाडीकडे गेले.

हिरामण घरात आला तो घामाघूम. "काय सांगितलंस गो त्यांना?"

"चांगलंच सांगितलं! प्रणितला स्थळ आलंय!"

"अगो, कसलं स्थळ? पोलीस व्हता तो! बंदुकीच्या चौकशीला आला व्हता!"

"बंदूक?" पदर डोक्यावरून खाली आला. "मला न इचारता बंदूक? सायकल धड चालवता येत नाय, कुदळ स्वतःच्या पायावर मारून घेतलीत, आणि बंदूक?"

हिरामण मागे सरकत सरकत भाताच्या कणगीला टेकला. "चुकलं गो. परत नाय."

"चुकलं? माझ्या तोंडून पोलिसाला काय काय वदवलंत!"

"मावशी," दारातून आवाज आला. हवालदार हेल्मेट विसरले होते. "तुमचा शब्द निघत नाही ना?"

चंद्रावतीने जीभ चावली. हिरामण मात्र हात जोडून पुढे आला.

"साहेब, डबा वाजवून वाजवून हिचे हात सुजतात. मी बघतो, पण करू काय? हिला दोन घटका निवांत बसायला मिळावं, म्हणून अर्ज केला. दुसरं काय मनात नाय."

 चंद्रावतीचे डोळे भरून आले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच खरोखर तिचा शब्द निघाला नाही.

मग हवालदारांनी टपरीवर जाऊन नाथाकडून कुदळीची आणि हळदीची अख्खी गोष्ट वदवून घेतली, शेजाऱ्यालाही विचारलं आणि नवीन लिहिलं: स्वभाव शांत, घरात आवाज चढत नाही. जाताना पुन्हा हिरामणच्या दारात येऊन एवढंच बजावलं, "बंदूक आणि काडतुसं कुलपात ठेवा. चावी जबाबदार माणसाकडे."

दोघांनीही चंद्रावतीकडे पाहिलं.

यथावकाश परवाना आला, एकनळी बंदूक आली, वालाला शेंगा धरल्या. संध्याकाळी डुकरं उतरली. हिरामणने रुबाबात हात पुढे केला.

"चावी!"

"कशाला? कुणाशी भांडलात? नाथाकडं बसला व्हतात ना? तोंड उघडा बघू, वास घेते. पलीकडच्या शेतातल्या जनूकाकाचे बैल बाराला बुजतील, ते कुठं बांधलेत बघून आलात?"

हिरामण बैल बघून येईपर्यंत डुकरं जेवून, ढेकर देऊन गेलीसुद्धा!

सरकारची चौकशी एकदाच झाली. चंद्रावतीची रोज संध्याकाळी होते. हिरामण तिच्यात अजून पास झालेला नाही. फरक एवढाच, आता चंद्रावती ओट्यावर निवांत बसते आणि बांधावर डबा हिरामण बडवतो.