मी म्हणजे कोण?

श्रावणभाऊंच्या दारावर थाप मारून नुसतं "मी आहे" म्हटलं, तर दार उघडत नसे. आतून आवाज येई, "मी तर मीबी आहो! नाव सांगा, गाव सांगा."

मी त्यांचा भिंतीला भिंत लागलेला शेजारी, एकाच कॉलेजात नोकरीला. तरी दर रविवारी फाटकाबाहेरून "रामराम, मी वामन, ब्रह्मपुरीचा" असं ब्रह्मपुरीतच ओरडावं लागे. येणारे-जाणारे हसत. चहा फक्कड मिळायचा, म्हणून मी अपमान गिळत होतो.

हाच माणूस आमच्या कॉलेजचा ईमेल सर्व्हर सांभाळायचा, हे आमचं प्रारब्ध. ईमेल द्यायला एक यंत्र दुसऱ्या यंत्राच्या दारात येतं, नमस्कार करून आपलं पूर्ण नाव सांगतं आणि मग टपाल देतं, असा जगाचा नियम. पण तेव्हा पुष्कळ यंत्रं आळशासारखं नुसतं 'लोकलहोस्ट' म्हणायची. म्हणजे 'मी याच घरचा'. इतर लोक कानाडोळा करत. श्रावणभाऊ टपालासकट माघारी पाठवत.

"माह्याच दारात येऊन मले सांगते, मी याच घरचा! मंग मी कोन, पाव्हना?"

एकदा विद्यापीठानं पाठवलेलं परीक्षेचं वेळापत्रक असंच माघारी गेलं. प्राचार्य तापले. "भाऊ, पाठवताना आपण शिस्त पाळावी, घेताना दुसऱ्याची चूक पोटात घालावी."

"काऊन घालावी? सारे पोटात घालून राह्यले, म्हनून तर कोनी सुदरत नाई!"

म्हणणं मला पटलं होतं. फक्त वेळापत्रक आणायला नागपूरची एसटी मला धरावी लागली.

भाऊंची बायको वारलेली. एकुलती एक मुलगी कुंदा बंगलोरला नोकरी करायची. तिनं तिकडेच लग्न उरकलं आणि मागाहून कळवलं. "न सांगता, न इचारता!" एवढंच बोलून भाऊंनी विषय मिटवला. तिचा फोन आला की आवाज ऐकून रिसीव्हर खाली ठेवत. असं वर्ष गेलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी मी लॅबमध्ये गेलो. भाऊ माघारी पाठवलेल्या टपालाची यादी बघत होते. यादीत फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता राहतो, मजकूर नाही. कुंदाचा पत्ता ओळीनं आठ वेळा होता, रोज चारच्या सुमारास. तिच्या ऑफिसचं यंत्र 'लोकलहोस्ट' म्हणत होतं.

"आठ दिवस झाले, माही पोरगी दारात उभी आहे," भाऊ म्हणाले, "अन् मीच हाकलून राह्यलो."

"नियम आहे ना, भाऊ," मी म्हणालो. नागपूरच्या एसटीचा राग निघाला असावा. आजही त्या वाक्याची लाज वाटते.

कीबोर्ड पुढे ओढून त्यांनी नियमाखाली एक ओळ लिहिली : या यंत्राला येऊ द्यावं. मग आम्ही दोघं बसून राहिलो. चार वाजले. सव्वाचार झाले. आज ती लिहिणार नाही, कंटाळली असेल, या भीतीनं भाऊंनी तीनदा चष्मा पुसला.

साडेचारला पत्र आलं.

"म्हणजे शेवटी चूक पोटात घातलीच," मी म्हणालो.

"चूक कायची?" भाऊ पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "ते म्हनते, मी याच घरची. खोटं थोडीच आहे?"