कासूला दोन मिनिटं

आमच्या घरात रोज दुपारी सव्वातीनला स्वयंपाकघराचा रस्ता बंद व्हायचा. माजघरातून आत जायच्या दारात कमरेएवढ्या उंचीवर एक फळी आडवी पडायची. तिच्यावर दोन रूळ. मग बाजूच्या खोलीतून माझ्या थोरल्या दिरांचा आवाज यायचा, "फाटक बंद." त्यानंतर जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं.

एकदा माझी नणंद माहेरपणाला आली होती. दूध गॅसवर, ती माजघरात आणि फळी पडलेली. ती वाकून फळीखालून जायला निघाली.

"फाटकाखालून जाणं गुन्हा हाय," भावोजी आतून म्हणाले.

"दादा, दूध उतू चाललंय रे."

"गाडी निडी सोडून निघाली. दीड मिनिट."

दूध उतू गेलं. मग पत्र्याचं निळं इंजिन दोन डबे आणि एक उघडी मालाची वाघीण ओढत फळीवरून सावकाश गेलं आणि पलीकडे रोह्याला थांबलं. भावोजींनी येऊन फळी उचलली. नणंद म्हणाली, "आता तिकीट पण काढायला लावशील मला."

"तुझं माहेर हाय, तुला पास हाय," भावोजी म्हणाले. ते हसले नाहीत. ते विनोद करत होते की खरं बोलत होते, हे आम्हाला कधी कळत नसे.

आमचं घर अष्टमीला, रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून आलं की दुसऱ्या गल्लीत. मोठ्या भावोजींनी लग्न केलं नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात ते आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळं रंगकाम संपलं की शेवटी डोळे. त्यात केसाएवढी चूक झाली तरी देव तिरळा दिसतो, म्हणून ते काम कोणाच्याही हातात देत नाहीत. भावोजींनी ते वर्षानुवर्षं केलं आणि एकाही वर्षी त्यांना शांत झोप लागली नाही. मूर्ती गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावरही त्यांना वाटायचं, डावा डोळा जरा वर गेला होता का. गणपतीच्या दिवसांत ते ओळखीच्या घरांत दर्शनाला जायचे ते खरं म्हणजे डोळे तपासायला.

रोह्याहून पेणला ते गाडीने जात. गाडी सुटायच्या तासभर आधी स्टेशनवर. "इतक्या लवकर कशाला?" असं आमचे हे विचारायचे. "काय सांगता येत नाय," हे त्यांचं उत्तर. ऊन असेल तरी छत्री, कारण काय सांगता येत नाय. ताप नसला तरी खिशात गोळी, कारण तेच. आणि एक सवय अशी की दर स्टेशनाला बोटांवर मोजायचे, "छत्री, डबा, ब्रश, चष्मा." निडी आली, छत्री, डबा, ब्रश, चष्मा. नागोठणं आलं, पुन्हा तेच. चष्मा डोळ्यांवर असायचा तरी हात लावून बघायचे.

काम सुटल्यावर त्यांनी ही गाडी सुरू केली. माणूस तीस वर्षं ज्या रस्त्याने गेला तो रस्ता त्याने घरात आणला. पेण त्यांच्या खिडकीशी, मग भिंतीला धरून कासू, नागोठणं, निडी, मग खोलीच्या दारातून माजघरात, फळीवरून स्वयंपाकघराचं दार ओलांडून रोहा. डबे तेलाच्या पत्र्याचे. डोंगर प्लास्टरचे, कारखान्यातून आणलेल्या तुटक्या साच्यांत ओतलेले, म्हणून नागोठण्याच्या मागचा एक डोंगर नीट बघितला तर सोंडेसारखा वळलेला होता. मिठागरांच्या जागी त्यांनी आरशाचे तुकडे बसवले होते.

ते काम कधी संपायचं नाही. आज सिग्नल वाकडा वाटला म्हणून बदल, उद्या फलाट दोन सूत उंच झाला म्हणून घास. पावसाळ्यात रूळ गंजतात म्हणून रॉकेलच्या फडक्याने रोज पुसायचे. वाळवी लागेल, मांजर चढेल, लाइट जाईल, या तीन काळज्या बाराही महिने. लाइट गेली की ते गाडी उभी असेल तिथे टॉर्च घेऊन उभे राहायचे. "डब्यात लोकं अंधारात बसलीत," असं म्हणायचे.

लोकं मातीची होती, बोटाच्या पेराएवढी, शाडूची. फलाटांवर टोपल्या घेतलेल्या बायका, धोतरवाले, एक पोलीस. कपड्यांच्या घड्यासुद्धा दिसायच्या. पण एकालाही डोळे नव्हते. आयुष्यभर डोळे काढलेल्या माणसाने असं का करावं, ते आमच्या ह्यांनी एकदा विचारलं.

"डोळे काढले की ती गाडीची वाट बघायला लागतील," भावोजी म्हणाले. "मग उशीर करून चालत नाय. जबाबदारी येते."

आणखी एक गोष्ट होती. खरी गाडी कासूला एक मिनिट थांबते. भावोजींची दोन मिनिटं थांबायची. आतून आवाज यायचा, "कासू. गाडी दोन मिनिटं उभी राहील." बाकी सगळं घड्याळाला धरून चालणाऱ्या माणसाची ही एकच चूक. आमचे हे मुद्दाम डिवचायचे, "दादा, तुझं टाइमटेबल चुकलंय." भावोजी ऐकू न आल्यासारखं करायचे.

कासू मी कधी बघितलं नव्हतं. म्हणजे खरं कासू पाहिलेलं, माझं माहेरच ते. पण भावोजींचं कासू त्यांच्या खोलीत दारामागे होतं, आणि त्या खोलीत मी जात नसे. आमच्याकडे धाकट्याच्या बायकोने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची पद्धत नाही. मी तशी मुळातच कमी बोलणारी, आणि ते माझ्याहून लाजरे. मला काही सांगायचं असेल तर ते भिंतीला सांगायचे. "मीठ असेल तर बरं," असं म्हणत भिंतीकडे बघायचे, मी मीठ वाढायची. गाडी आल्यापासून सोय झाली. वाघिणीत चिठ्ठी यायची, 'चहा'. रोहा स्टेशन स्वयंपाकघरात माझ्या हाताशी यायचं. मी चिठ्ठी काढून घ्यायची आणि वाघिणीत एक वेलदोडा ठेवायची. म्हणजे चहा टाकला. सव्वीस वर्षांच्या संसारात आमचं एवढंच बोलणं.

माझी आई रोह्याला एकदाच राहायला आली. तिचे गुडघे दुखायचे, गाडीतून चढउतर तिला जड जायची. परत जाताना भावोजी पेणला कामाला निघालेच होते, तर त्यांच्यासोबत तिला धाडलं. कासूला उतरवून द्या, असं आमच्या ह्यांनी सांगितलं. कासू आलं, आई बोचकं घेऊन दारापर्यंत पोचेपोचेतो गाडी सुटली. आई गेली पेणला. दिवसभर गणपतीच्या कारखान्यात एका पाटावर बसून राहिली आणि संध्याकाळच्या गाडीने माघारी कासूला गेली. ही गोष्ट आमच्याकडे हसण्याची झाली. आई स्वतः हसून सांगायची, "मला शंभर गणपती एकदम पावले." पण पुन्हा ये म्हटलं की म्हणायची, "नको गो बाय. तुझी गाडी उभी राहात नाय." मग ती आलीच नाही. दोन वर्षांनी गेली.

तर आता खरी अडचण सांगते. माझ्या मुलाचं, संतोषचं लग्न ठरलं. घरात खोल्या दोन आणि माजघर. एक खोली आमची, एक भावोजींची. संतोष आणि नवी सून कुठे राहणार, हा प्रश्न कोणी उघड विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. भावोजींनी माजघरात झोपायचं आणि गाडी मोडायची.

"तुम्ही सांगा," मी ह्यांना म्हटलं.

"मला जमायचं नाय. माझ्या शाळेची फी त्याने भरलीय. संतोष सांगेल."

संतोष म्हणाला, "मी कसं सांगू, माझंच लग्न. आई, तू सांग. तुला ते नाय म्हणणार नाहीत."

"मला ते व्हय तरी कधी म्हणालेत?"

कंपनीत ह्यांना पहिली शिफ्ट, संतोषला जनरल. दोघं सुटले. घरात मी आणि भावोजी. रोज ठरवायची, आज सांगायचं. आणि रोज भावोजी गाडीत काहीतरी नवीन करायचे. एक दिवस रोह्याच्या फलाटावर पाण्याचा नळ आला. दुसऱ्या दिवशी कुंडलिकेचा पूल करायला घेतला, सुतळीएवढ्या पट्ट्या कापून. जितकं नवीन लागेल तितकं माझं तोंड बंद. माझ्या हातून भाकरी करपायला लागल्या. त्यांना कळलं असेल का, म्हणून ते घाई करतायत, की कळलं नाही म्हणून इतके खुशीत आहेत, याचा विचार करून डोकं दुखायचं. रंगवाला सोमवारी येणार होता. शुक्रवार उजाडला.

त्या दिवशी वाघिणीतून 'चहा'ची चिठ्ठी आली. मी वेलदोडा ठेवला नाही. संतोषच्या जुन्या वहीचा कागद फाडून लिहिलं, 'संतोषच्या लग्नाला खोली लागेल. सोमवारी रंगवाला. माफी असावी.' चौथीपर्यंतच्या शिक्षणाला हे इतकं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. कागदाची घडी वाघिणीत टाकली. गाडी फळीवरून गेली, दारातून आत वळली.

परतीला फळी गाडी पेणला पोचल्यावरच उघडायची. मी स्वयंपाकघरात उभी. "नागोठणं," आवाज आला. मग, "कासू. गाडी दोन मिनिटं उभी राहील."

दोन मिनिटं झाली. पाच झाली. चहा उकळून काळा झाला, मी गॅस बंद केला. मोटारीचा आवाज नाही, माणसाचा नाही. फळीखालून वाकून गेले असते तर बघायला कोणी नव्हतं. पण मी गेले नाही. गॅसच्या ओट्याला धरून उभी राहिले. त्यांना काही झालं असेल का, म्हणून कान खोलीकडे लावले.

मग गाडी सुरू झाली, पेणला पोचली, आणि भावोजी स्वतः येऊन फळी उचलायला लागले. फळीकडे बघत म्हणाले, "चहा झाला असेल तर बरं." मी कप दिला. ते उभ्यानेच प्याले. कप ठेवताना म्हणाले, "सोमवारच्या आधी लाइन क्लिअर करून देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रोहा, निडी, नागोठणं खोक्यांत गेलं. लोकं कापसात गुंडाळली गेली. मी माजघरात तांदूळ निवडत होते, एका जागी बसवत नव्हतं. तेवढ्यात खोलीतून भिंतीला सांगितल्यासारखा आवाज आला, "एक फळी लांब हाय. दुसऱ्या बाजूनं कोणी धरली तर बरं."

घरात दुसरं कोणी नव्हतं. मी पदर सारखा करून त्या खोलीत पहिल्यांदा गेले.

दारामागे कासू होतं. चार फूट लांब फळी. स्टेशनची पाटी, फलाट, फलाटामागे बांध आणि बांधाच्या टोकाला आमचं घर. माझ्या बापाचं घर. पुढच्या पडवीला टेकू दिलेला वाकडा खांब, विहिरीवर उलटी ठेवलेली बादली, मागच्या बाजूचा फणस. हे सगळं इतकं नीट होतं की ते नुसतं ऐकून केलेलं नव्हतं. ते कधीतरी कासूला उतरून बघून आले होते आणि कोणाला बोलले नव्हते. कदाचित पुष्कळ वेळा.

फलाटावर एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, काखेत बोचकं, एक हात पुढे केलेला, कोणीतरी धरावा असा. तिला डोळे होते. अख्ख्या लाइनीवर तिला एकटीला. एका केसाच्या ब्रशने काढलेले, आणि दोन्ही बरोबर जागी.

मी फळीचं टोक धरलं. भावोजींनी दुसरं धरलं. उचलायच्या आधी ते सवयीने मोजायला लागले, "स्टेशन, सिग्नल, विहीर..." आणि थांबले.

"त्यांनी हात पुढं केला होता," ते फळीकडे बघत म्हणाले. "मी मोजत होतो. छत्री, डबा, ब्रश, चष्मा. सगळं बरोबर होतं. वर बघितलं तर गाडी सुटलेली."

हातातलं टोक जड लागत होतं. मी म्हटलं, "कासू मोडू नका. स्वयंपाकघरात ठेवू. मांडणीच्या वर जागा आहे."

हे मी त्यांच्याकडे बघून म्हटलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, मग लगेच भिंतीकडे. "वाफ लागंल," म्हणाले. "गंज चढंल."

"मी पुसेन."

आता कासू मांडणीच्या वर आहे. मोठी पातेली मी खाली काढून ठेवली. लाइन चारच फूट, गाडी इकडून येते आणि तिकडे जाते. माजघरातून भावोजी बटण दाबतात, मधे दोन मिनिटं ती फलाटाला उभी असते. नव्या सुनेने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आई, ही इतका वेळ का थांबते?"

"काहींना उतरायला वेळ लागतो," मी म्हटलं.

गेल्या महिन्यात फलाटावर एक माणूस वाढला. डब्याचं दार येतं तिथे उभा, म्हातारीच्या हाताकडे आपला हात केलेला. त्याच्याजवळ छत्री नाही, डबा नाही, काहीच नाही. त्याचे डोळे अजून काढलेले नाहीत. रॉकेलचं फडकं फिरवताना मी त्या दिवशी म्हटलं, "भावोजी, ह्याचे डोळे कधी?"

ते भिंतीकडे बघून म्हणाले, "काय सांगता येत नाय."