तात्यांकडे सुट्टे नाहीत

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही; चौथीनंतर शाळा सुटली. तेवढं माफ करा. पण तात्यांबद्दल लिहायचंच आहे.

चाकणजवळच्या आमच्या डोंगरावर फिरायला येणाऱ्यांना तात्या फाटकावर अडवतात. प्लास्टिकच्या बाटलीमागे पन्नास रुपये अनामत. उतरताना बाटली दाखवली की पैसे परत. नियम गावच्या वन समितीचा, पण तात्या तीस वर्षं कंपनीच्या गेटवर झडती घेतलेले! एकदा सरपंचच बाटली वर विसरले. तात्या म्हणाले, "गुडघं चांगलं हाय न्हवं? मग चढा." सरपंच चढले.

तरी लोक पुन्हा येतात. येताना स्टीलची बाटली लांबूनच उंच धरून दाखवतात.

पिंपळे गुरवचे गायकवाड काका-काकू दर रविवारी यायचे. काकूंना मात्र त्यांची जुनी, सरबताची प्लास्टिकची बाटलीच लागायची. काकू वारल्या. काका महिन्याने एकटेच आले, तीच बाटली घेऊन. उतरल्यावर तात्या म्हणाले, "सुट्टं न्हाईत. फुडच्या रविवारी या."

काकांनी सकाळी पन्नासचीच नोट दिली होती.

पुढच्या रविवारीही तेच. मी शेजारी ताक विकते, कुणाला फारसं बोलत नाही. त्या दिवशी बोलले, "तात्या, डबा नोटांनी भरलाय. दुःखातल्या माणसाला कशाला छळता?"

तात्या डब्याचं झाकण लावत म्हणाले, "सुनबाई, आमची ही गेली तवा माझं कुटंच काय अडकलं न्हवतं. वरीसभर उंबरा वलांडला न्हाई."

मी त्यांच्यापुढे ताकाचा पेला ठेवला.

उन्हाळाभर काका येत राहिले. डोंगर चढायचे, उतरायचे, मग ताक पीत दोघं भांडायचे.

"तात्या, माझ्या पैशावर बंगला बांधताय का काय?"

"व्हय. वास्तुशांतीला या. रविवारीच हाय!"

गेल्या रविवारी काका बाटली न घेताच आले. म्हणाले, "लेकीकडं चाललो नागपूरला. आता तिकडंच."

तात्यांनी डबा उघडला. बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"एक नोट राहू द्या तुमच्याकडं," काका म्हणाले. "परत यायला."

"नगं. तिकडं जीव लावा."

तात्यांनी सगळे पैसे काकांच्या हातात ठेवले आणि त्यांची मूठ आपल्या हातांनी मिटली.