मन्मथअप्पांचा सभात्याग

मन्मथअप्पा सभेतून उठले, की आमच्या दूध सोसायटीचं अर्धं संचालक मंडळ मागोमाग उठायचं. कशासाठी, हे उठणाऱ्यांनाही ठाऊक नसे. ठराव रंगात आला, की अप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, "आपलं काम हाय" म्हणून चपला शोधायचे. झाला सभात्याग! असे उठून उठून अप्पांनी, तोंडातून अक्षर न काढता, दोन चेअरमन घरी बसवले. धारूरच्या बाजारात तर त्यांना आमदारकीला उभं करायचं चाललं होतं.

दुष्काळात जनावरांच्या पेंडीचा ठराव आला. अप्पा उठले. सगळे उठले.

"अप्पा, पेंड नको कावून?" चेअरमन रडकुंडीला आला.

अप्पा बाहेर. मी तिथं दूध मोजायचो. विचारून ये म्हणून मला मागं पिटाळलं. अप्पा मुतारीच्या भिंतीआड घामाघूम उभे.

"पेंडीचं काय, अप्पा?"

"पेंड घाल चुलीत! हितं उतरंना झालंय, बे."

मग कळलं. मागच्या तापात कुठलासा विषाणू अप्पांच्या मज्जारज्जूत शिरला होता. पाय सावरले, पण लघवी लागलेली कळेना आणि गेलं तरी होईना. डॉक्टर म्हणाले, घड्याळ बघून जात जा; तुंबली तर नळी घालावी लागेल.

"नळाचा आवाज आला की उतरती," अप्पा म्हणाले. "नळ तर गेल्या सालच्या पाडव्यापासून कोरडा. तुजी काकू भिंतीपल्याडून एका तांब्यातलं पाणी दुसऱ्यात वतायची. तेच पाणी, परत परत. थेंब सांडायची न्हाई."

काकू दिवाळीत वारल्या होत्या.

मी आत पळालो, चेअरमनच्या टेबलावरचा भरला तांब्या आणि दुधाचं माप उचललं. आतले सगळे अजून उभेच. पाणी कुठं चाललं, हेही कुणाला कळेना. भिंतीअलीकडून मी ओतायला लागलो.

"लई वरून वततोस. टँकर हाय का? खालून, हळू."

हात खाली घेतला. तरी काही नाही.

"ती बोलायची बी," अप्पा पुटपुटले.

"काय बोलायच्या?"

"भाजी काय करू, ईचारायची."

मी इकडंतिकडं बघितलं. तांब्या कलता केला.

"अप्पा, आज भाजी काय करू?"

आधी धार आली. उत्तर मागून आलं, अगदी हळू.

"झुणका कर. पाणी कमी लागतंय."